बाखच्या जी मायनर साराबांदची लय किती संथ असावी, आणि सोबत छापलेली अलंकृत आवृत्ती केव्हा वाजवावी?

तुम्ही विचारलेला साराबांद (तीन मात्रांच्या नृत्यावर आधारलेली रचना) जर्मन संगीतकार बाखच्या ‘इंग्लिश स्वीट’ नृत्यमालिकांपैकी तिसरीतला (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ८०८) आहे आणि तुम्ही तो पियानोवर बसवत आहात, असे धरून लिहिते.

लय साध्या आवृत्तीवरून ठरवू नये. तिच्यात स्वर कमी असल्याने ती कितीही संथ वाजवली तरी भारदस्तच वाटते आणि पाहता पाहता तिचे नृत्यपण हरवते. त्याऐवजी बाखने स्वतः लिहून दिलेली अलंकृत आवृत्ती आधी हातात घ्यावी, तिच्यातले सर्वांत बारीक स्वर घाई न होता गाता येतील अशी लय शोधावी आणि तीच साध्या आवृत्तीला लावावी; माझ्या हातात ती मेट्रोनोमवर मिनिटाला ५० मात्रांच्या आसपास स्थिरावते. स्पेनमध्ये १५८३ साली ज्यावर बंदी आली तो साराबांद चपळ आणि उच्छृंखल होता. बाखपर्यंत पोहोचला तो फ्रेंच दरबारातून आलेला संथ प्रकार.

तीन मात्रांपैकी दुसरीवर रेंगाळणे हे या नृत्याचे खास लक्षण. समेवर वजन टाकायची सवय असलेल्या आपल्या कानांना ते सुरुवातीला उलटे वाटते. मात्र दुसरी मात्रा जोरात आपटू नये. तिच्या आधी किंचित श्वास घेऊन ती पूर्ण लांबीने धरावी. हार्प्सिकॉर्ड या बाखच्या काळातल्या कळवाद्यावर बोटाच्या दाबाने आवाज कमीजास्त करता येत नसल्याने वादक हा भार वेळेतूनच दाखवत, आणि पियानोवरही तो मार्ग अधिक शोभतो.

सुरुवातीच्या बारांत (तीन-तीन मात्रांच्या आवर्तनांत) खाली जी स्वर दीर्घ धरलेला आहे. त्यासाठी पेडल दाबून ठेवले तर वरच्या बदलत्या सुरावटी एकमेकींत कालवल्या जातात. म्हणून तो शक्य तितका बोटानेच धरावा आणि विरला की एखाद्या बारच्या आरंभी हळूच पुन्हा वाजवावा.

ट्रिल (दोन लगतच्या स्वरांची जलद आलटापालट) वरच्या स्वरापासून आणि मात्रेवरच सुरू करावी. थोरल्या मुलासाठी १७२० मध्ये सुरू केलेल्या वहीतील तक्त्यात बाखने ती तशीच फोड करून दाखवली आहे. अलंकृत आवृत्ती काही वादक शेवटी स्वतंत्रपणे वाजवतात, पण मला प्रत्येक भाग आधी साधा आणि पुनरावृत्तीत अलंकृत वाजवणे पटते, कारण मूळ ओळ कानात ताजी असतानाच तिचा विस्तार ऐकू येतो. तसे करताना पुनरावृत्तीत स्वतःची आणखी सजावट घालू नये. बाखने तिथे फारशी जागा सोडलेली नाही.