जपानी माणसाच्या रक्तातच शिस्त असते का?

तुमचा प्रश्न असा आहे: 'जपानमध्ये राहून आलेल्या परदेशी माणसाला तिथली कोणती गोष्ट सगळ्यात वेगळी वाटते? आणि ती स्वच्छता, ती शिस्त त्या लोकांच्या रक्तातच असते का?' मी नोकरीसाठी बरीच वर्षं टोकियोत राहिले, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात. मुलगी तिथल्याच सरकारी प्राथमिक शाळेत शिकली. त्या अनुभवावरून सांगते, आणि आधी दुसऱ्या भागाचं उत्तर देते.

रक्तात वगैरे काही नसतं. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडं काम येतं आणि ते करून घेणारी व्यवस्था गल्लीपासून शाळेपर्यंत लावलेली असते. आठ दिवसांसाठी फिरायला गेलेल्याला चकचकीत फुटपाथ दिसतो, कामाची वाटणी दिसत नाही. राहायला गेलं की त्या वाटणीत आपलंही नाव लागतं. परदेशी माणसाला सगळ्यात वेगळं काय वाटतं, तर माझ्या मते हेच.

सुरुवात कचऱ्यापासून होते. घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तिथेच कचऱ्याचं वेळापत्रक हातात पडतं, इंग्रजीतही मिळतं. जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा. न जळणारा कचरा, बाटल्या, डबे, कागद, प्लॅस्टिकची वेष्टणं, सगळ्यांचे वार वेगळे. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, लेबल सोलायचं, बाटली आतून विसळायची आणि चेपायची. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा धुवायचा, कात्रीने कापून सपाट करायचा, वाळवायचा आणि सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत नेऊन टाकायचा. पुठ्ठे दोरीने बांधून ठेवायचे. जुनी खुर्ची टाकायची असेल तर आधी फोन करून तारीख घ्यायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून ठरलेल्या किमतीचं स्टिकर विकत आणायचं, खुर्चीवर चिकटवायचं आणि त्या दिवशी सकाळी खाली ठेवायची. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांच्यासाठी तर २००१ पासून वेगळा कायदाच लागू आहे: टाकणाऱ्याने रिसायकलिंगचे पैसे भरायचे. पिशव्या पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक, आत काय आहे ते दिसेल अशा. आणि सगळं सकाळी आठच्या आत. आदल्या रात्री पिशवी ठेवली तर कावळे ती फाडून रस्ताभर पसरतात. टोकियोचे कावळे आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा बरेच मोठे आणि धीट असतात, म्हणून पिशव्यांवर जाळी टाकतात.

आमच्या इमारतीचे केअरटेकर सत्तरीतले गृहस्थ होते. सगळे त्यांना 'कानरिनिन-सान' म्हणायचे. एका सकाळी कचऱ्याची गाडी एक पिशवी तशीच ठेवून गेली. पिशवीवर स्टिकर: हा कचरा आज उचलता येत नाही. आत जळणाऱ्या कचऱ्याबरोबर स्प्रेचा डबा होता. असा डबा गाडीत दाबला गेला की गॅस बाहेर येतो आणि गाडीला आग लागू शकते. कानरिनिन-साननी हातमोजे घातले, पिशवी उघडली, डबा बाजूला काढला, बाकीचं नव्या पिशवीत भरून आत नेऊन ठेवलं. मग नळी लावून ती जागा धुतली, ब्रशने घासली आणि जाळी घडी करून खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कागद लागला. त्यावर हाताने काढलेलं चित्र: स्प्रेचा डबा, त्यावर लाल फुली आणि शेजारी पेटलेला ट्रक. फ्लॅट नंबर नाही, मजला नाही, कुणाचं नाव नाही. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळेल असं चित्र, कारण इमारतीत आम्ही भारतीय बरेच होतो आणि ते त्यांच्या लक्षात होतं. मला त्या कागदाचं आजही फार कौतुक वाटतं. नियम का आहे ते सांगितलं, आणि कुणाला खाली मान घालावी लागली नाही.

हे सगळं आदिकाळापासून असंच चालत आलंय, असा समज असेल तर टोकियोचा इतिहास बघा. १९६० च्या दशकात शहर झपाट्याने वाढत होतं आणि बराचसा कचरा खाडीत भराव म्हणून टाकला जात होता. कोतो वॉर्डातलं युमेनोशिमा नावाचं बेट त्या कचऱ्यावरच उभं आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात तिथे माशा इतक्या माजल्या की आसपासच्या वस्तीला जगणं नकोसं झालं आणि शेवटी तो कचरा पेटवून द्यावा लागला. सगळ्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या कोतोच्या रस्त्यांवरून घाण गाळत जायच्या. दुसरीकडे, सुगिनामी या सुखवस्तू वॉर्डात कचरा जाळण्याचा कारखाना उभारायचं ठरलं तर तिथले लोक विरोधाला उभे राहिले. तेव्हा कोतोच्या लोकांनी रस्त्यावर उतरून सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. तुमचा कचरा तुम्ही सांभाळा, आमच्या दारात का आणता, हा त्यांचा साधा सवाल होता. टोकियोचे गव्हर्नर मिनोबे र्‍योकिची यांनी त्याआधीच, १९७१ मध्ये, याच वादामुळे 'कचरा युद्ध' जाहीर केलं होतं. प्रत्येक वॉर्डाने आपल्या कचऱ्याचा भार उचलायचा हे तत्त्व त्या भांडणातून पुढे आलं, आणि सुगिनामीतही शेवटी कारखाना उभा राहिला.

युमेनोशिमावर आता मोठी बाग आहे. तिथल्या काचघरात उष्ण प्रदेशातली झाडं वाढवलेली आहेत आणि त्याला लागणारी ऊब शेजारच्या कचरा जाळण्याच्या कारखान्यातून येते. शिन-किबा स्टेशनवरून चालत जाता येतं. टोकियोला गेलात तर देवळांच्या यादीतलं एखादं देऊळ गाळा, पण हे बघा.

शाळेकडे वळते, कारण खरी तालीम तिथे होते. सत्र सुरू होताना पालकांनी द्यायच्या वस्तूंच्या यादीत फरशी पुसायची फडकी असतात. जुना टॉवेल दुमडून शिवलेली. जेवणानंतर मुलं वर्ग, जिने, व्हरांडे स्वतः झाडतात आणि पुसतात. जेवण वाढण्याचं कामही मुलांचंच. पाळी आली की पांढरा अ‍ॅप्रन आणि टोपी घालून सहा-सात वर्षांची मुलं सूप वाढतात, सांडू न देता. शुक्रवारी तो अ‍ॅप्रन पिशवीत घालून घरी येतो. शनिवार-रविवारी तो धुऊन, इस्त्री करून सोमवारी परत द्यायचा, कारण पुढच्या आठवड्यात तो दुसरं मूल घालणार असतं. माझी मुलगी सोमवारी सकाळी त्या अ‍ॅप्रनची घडी तपासायची. सुरकुती दिसली की म्हणायची, 'आई, हा आता साकुराच्या अंगावर जाणार आहे, नीट कर ना.' स्वच्छतेवर कुणी भाषण दिलं नव्हतं. पुढच्या मुलीचा विचार तिच्या डोक्यात त्या अ‍ॅप्रनमुळे आला.

आम्ही बीफ आणि पोर्क खात नाही. शाळेचा जेवणाचा तक्ता महिना सुरू होण्याआधी घरी यायचा, त्यात कोणत्या पदार्थात काय घातलंय ते छापलेलं असायचं. मी खुणा करायची आणि त्या दिवशी पोळीभाजीचा डबा जायचा. शाळेने कधी खळखळ केली नाही. शुद्ध शाकाहारी मंडळींचं मात्र बाहेर खाताना अवघड होतं. साध्या भाजीतही माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटत नाही.

१ सप्टेंबरच्या सुमारास भूकंपाची तालीम असते. १९२३ चा कांतो भूकंप त्या तारखेला झाला होता. मुलं कापसाच्या जाड टोप्या डोक्यावर ओढून बाकाखाली शिरतात. या टोप्या एरवी खुर्चीवर उशी म्हणून असतात. मग पालकांनी शाळेत जाऊन आपलं मूल ताब्यात घ्यायचं. बाईंना नाव सांगायचं, त्या यादीत खूण करतात, तेव्हाच मूल सोडतात. रोज एकटी चालत शाळेत जाणारी मुलगी त्या दिवशी माझ्या हातात सोपवली जायची. मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन जायची आणि ती मागताना साहेबांना कारण समजावून सांगावं लागत नसे.

हरवलेलं पाकीट परत मिळण्याबद्दल सगळेच सांगतात. त्यामागेही कायदा आहे, हे कमी लोक सांगतात. सापडलेली वस्तू पोलिस चौकीत द्यायची, मालकाने सापडणाऱ्याला किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदला द्यायचा, तीन महिन्यांत मालक आला नाही तर बहुतेक वस्तूंवर सापडणाऱ्याचा हक्क. चौकी जवळपास प्रत्येक स्टेशनाबाहेर असते, त्यामुळे प्रामाणिकपणाला वळसा घालून जावं लागत नाही. आणि जिथे अशी व्यवस्था, अशी कामाची वाटणी नसते तिथे जपानी माणूसही तुमच्या-माझ्यासारखाच वागतो. शिबुयात हॅलोविनच्या रात्री इतका धुडगूस आणि कचरा व्हायला लागला की तिथल्या वॉर्डाने २०२४ पासून स्टेशनच्या परिसरात रात्री रस्त्यावर दारू प्यायला वर्षभर बंदी केली.

आता जे खुपतं तेही सांगायला हवं. कामाच्या वाटणीत परदेशी माणसाला लगेच घेतात, घरात घेताना मात्र हात आखडतो. जपानच्या कायदा मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळपास ४० टक्के लोकांनी सांगितलं होतं की केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला. मीही ते ऐकलंय. एजंट माझ्यासमोर फोन लावायचा, पगार, कंपनी सगळं सांगायचा, पलीकडून राष्ट्रीयत्व विचारलं जायचं आणि तो फोन ठेवून वाकून माफी मागायचा. माफी सभ्य होती, पण घर मिळत नव्हतं. कचरा नीट वेगळा करणारी, कर भरणारी, मूल तिथल्या शाळेत घालणारी माणसं केवळ पासपोर्टवरून नाकारणं अन्याय आहे, आणि जपानवर कितीही प्रेम असलं तरी तो अन्यायच म्हणायला हवा.

निशी-कासाईत भारतीयांची वस्ती का झाली याचं उत्तरही यात आहे. २००० च्या आसपास संगणकातल्या वर्षबदलाच्या (वायटूके, म्हणजे २००० साल लागताना तारखा चुकू नयेत म्हणूनच्या) कामासाठी आपले इंजिनिअर मोठ्या संख्येने गेले. तोझाई लाइन या मेट्रोने ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं सरळ गाठता येतात. आणि या भागात यूआर या निमसरकारी संस्थेच्या मोठ्या इमारती आहेत, जिथे जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला 'भेट' म्हणून द्यायची, आपल्याला परत न मिळणारी रक्कमही लागत नाही. दारं जिथे उघडी होती तिथे माणसं गेली. पुढे त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. तेव्हा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला होता.

तुम्ही जाणार असाल तर घरासाठी आधी यूआरच्या ऑफिसात चौकशी करा. उत्पन्नाची अट असते, ती पगाराच्या कागदांसह दाखवावी लागते. घर मिळाल्यावर सामान लावण्याआधी शेजारी आणि वरच्या-खालच्या मजल्यावर भेटून या. हातात टॉवेल किंवा गोडाचा छोटा डबा पुरतो, महागाचं काही नेऊ नका, त्यांना परतफेडीचं ओझं होतं. मूल लहान असेल तर खालच्या मजल्यावर सगळ्यात आधी जा आणि पायांचा आवाज येईल हे स्वतःहून सांगा.