ढगळ कपडे घालताना
अगं, ढगळ कपडे घातले तर लोक बघतील म्हणतेस? रत्नागिरीच्या बाजारात लोक बघणारच. दोन दिवस बघतील, मग आंब्याच्या भावाकडे वळतील. सुरुवातीला एकच कपडा ढगळ ठेव: वर किमोनोच्या, म्हणजे जपानी पारंपरिक झग्याच्या, धर्तीचं जॅकेट, खाली साधी सरळ पँट. किमोनो मुळात सरळ पट्ट्या जोडून शिवलेला, अंगाला न चिकटणारा. आपल्या दमट हवेत तेच तर हवं! कापड सुती नाहीतर लिनन. पॉलिएस्टर घामाने पाठीला चिकटलं की सगळा डौल गेला. पावसात पँट घोट्याच्या वर हवी. मी पहिल्या वर्षी पायघोळ घालून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चिखल ओढत गेले होते. आणि हो, जॅकेटची समोरून डावी बाजू उजवीवर घे. उलटं जपानमध्ये मृतांना नेसवतात. बाह्या मात्र सारख्या ओढत बसू नकोस, अवघडलेपण त्यानेच दिसतं.