सटवाईच्या कागदाबद्दल तू विचारलेस म्हणून

प्रिय बाळा,

परवा तुझ्या इस्पितळाच्या जुन्या फायलीत घडी घातलेला एक कोरा कागद निघाला आणि तो कशाचा हे मी सांगितल्यावर तू म्हणालास, "बाळाचे नशीब सटवाई लिहिते असे तुम्ही मानत असाल, तर माझे हृदय उलटसुलट तिनेच लिहिले ना? मग तिच्यापुढे आणखी कागद कशाला ठेवायचा?" ते मला लागले, पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

1982 मध्ये मला धाकटा भाऊ झाला, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या पाचवीच्या रात्री माईंनी, म्हणजे माझ्या आजीने, पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली आणि सटवाई लिहीत असताना कुणी पाहायचे नसते, असे बजावून मला झोपवले. मी अर्थातच पांघरुणाच्या फटीतून पाहत राहिले. दिसली ती आई, म्हणजे तुझी आजी, बाळाच्या ओठांवर नजर लावून बसलेली. ते ओठ जांभळट होते आणि तो रडू लागला की नखेही निळी पडत. बाळाला थंडी बाधली आहे, असे मोठ्यांनी ठरवले आणि त्याला आणखी एक दुपटे गुंडाळले. बारशाच्या आत तो गेला.

नंतर जो कुणी भेटायला येई त्याला माई एकच सांगत : "सटवाईने तेवढेच लिहिले होते." मोठी होत गेले तसा मला या वाक्याचा राग येऊ लागला, आणि आज तो तितकासा येत नाही. आईला त्या दिवसांत काय काय विचारले गेले ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकले होते : ग्रहण पाळले होते का, जड उचलले होते का. माईंच्या वाक्यापुढे ती सगळी तोंडे गप्प झाली. सुनेचा यात काही दोष नाही, हे चारचौघांत ठणकावून सांगण्याची दुसरी रीत त्यांच्यापाशी नव्हती. पण त्याच वाक्याने आणखी एक प्रश्नही मिटवून टाकला, तो म्हणजे बाळाला नेमके झाले काय होते हा. तुझ्या वेळी डॉक्टरांनी घराण्यात कुणाला हृदयाचा जन्मजात आजार होता का असे विचारले, तेव्हा "भाऊ तान्हा असताना गेला, कारण माहीत नाही" एवढेच मला सांगता आले.

तुझ्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या जागांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे फुफ्फुसांतून आलेले शुद्ध रक्त पुन्हा फुफ्फुसांकडेच जाई आणि शरीरातले अशुद्ध रक्त तसेच शरीरात फिरत राही. जन्मानंतर लवकरच मिटणारी एक वाहिनी औषधाच्या ठिबकीने उघडी ठेवली होती, म्हणून दोन्ही रक्ते थोडीफार मिसळत होती आणि तेवढ्यावर तू तग धरून होतास. थांबायलाही फारशी सवड नव्हती, कारण डाव्या कप्प्याला नुसत्या फुफ्फुसांपुरता जोर लावावा लागला तर काही आठवड्यांत त्याची ताकद कमी होते. या वाहिन्या सोडवून योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया ब्राझीलमध्ये आदिब जटेने यांनी 1975 मध्ये पहिल्यांदा यशस्वी केली. नवजात बाळांवर ती नेहमीची होण्यास आणखी दहाएक वर्षे जावी लागली. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीच्या धमन्याही त्यात हलवाव्या लागतात. हे सारे मी पुढे वाचले. त्या वेळी सही करताना माझ्या डोक्यात फक्त 1982 हे साल होते.

तुझी पाचवी शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री आली. मी सटवाई मानते का? बहुधा नाही. पण तुला उचलून घेता येत नव्हते, दूध पाजता येत नव्हते, आणि आईने करायचे म्हणून जे जे असते त्यातले एवढेच एक माझ्या हातात उरले होते. नर्सने काही न विचारता तो कागद पाळण्याच्या पायथ्याशी चिकटवू दिला. बाबांना ते आवडले नव्हते, हेही तुला सांगून ठेवते.

सूज उतरेपर्यंत तुझी छाती शिवलेली नव्हती. पातळ पडद्याखाली तुझे हृदय उडताना मला दिसे आणि यंत्रावरच्या आकड्यांपेक्षा माझा त्याच्यावर विश्वास बसे. श्वासाची नळी काढल्यावर तू रडलास, पण घसा इतका बसला होता की आवाज उमटलाच नाही. पुढचे दिवस नाकातल्या नळीने दूध, ग्रॅमांत मोजलेले वजन आणि घरी आल्यावर उचलण्याची शिस्त यांत गेले. छातीचे हाड जुळेपर्यंत काखेत हात घालून तुला उचलायचे नाही, एक हात मानेखाली आणि दुसरा बुडाखाली, हे येणाऱ्याजाणाऱ्याला मी इतक्यांदा सांगितले की आत्या अजून त्यावरून माझी नक्कल करते.

तर लिहिले कुणी? मला वाटते, कुणीच नाही. गर्भात हृदय घडताना ते तसे घडले. माई असत्या तर म्हणाल्या असत्या की डॉक्टरांचे हातही तिनेच लिहिले होते. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी तयारी नाही आणि तू त्यांचे मानावेस असा हट्टही नाही. पुढेमागे तुझ्या घरी तू कागद ठेवला नाहीस तरी मला वाईट वाटणार नाही, निदान फार नाही. इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी मात्र आयुष्यभर चुकवायची नाही, आणि यापुढे डॉक्टरांना प्रश्न विचारायचे काम तुझे.

आणखी एक. त्या बाळाविषयी आजीला मी कधी विचारलेले नाही, आणि माझ्या माहितीत दुसऱ्या कुणीही नाही. तू विचारलेस तर ती कदाचित बोलेल. तुला अवघड वाटले तर राहू दे.

तुझी,
आई