भावाचा अर्ज आई-बाबांच्या अर्जातच असतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा: घर कराडला, वडील झेडपीच्या शाळेतून निवृत्त, आई घरी, थोरला भाऊ एकतीस वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. तुझी कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याची, तयारी चाललीय. “ताई, मी पुढे जातो आणि तीनेक वर्षांत तिघांना बोलावतो, जमेल ना?”

तीन वर्षांत नाही जमणार. माझं माहेर सांगलीचं. मी २०१४ला निघाले तेव्हा स्टँडवर आईला हेच सांगितलं होतं. आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ, तोही बौद्धिक दिव्यांग, इथे कॅनडात मिसिसागाला पोचले २०२५मध्ये.

आधी मूळ गोष्ट समजून घे. मोठ्या झालेल्या भावाला ‘भाऊ’ म्हणून स्पॉन्सर करायची सोय आपल्यासारख्यांना नाही. ती आहे अठराच्या आतल्या, लग्न न झालेल्या, पोरक्या भावंडांसाठी. तुझा भाऊ येऊ शकतो तो आई-बाबांच्या अर्जात, त्यांच्यावर अवलंबून असलेला मुलगा म्हणून. एरवी हे वय बावीसच्या आत लागतं. पण शारीरिक किंवा मानसिक स्थितीमुळे ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही आणि जो बावीस पूर्ण व्हायच्या आधीपासून आई-वडिलांच्याच पैशावर आहे, त्याला वयाची अट नाही. म्हणजे आई-बाबा आहेत तोवरच हा रस्ता आहे. पुढे माणुसकीच्या आधारावर अर्ज करता येतो, पण त्याच्या भरवशावर बेत आखू नये.

आता रांग. आई-वडिलांना कायमचं बोलवायच्या योजनेसाठी नाव नोंदवायचा फॉर्म शेवटचा उघडला २०२०च्या ऑक्टोबरात, तीन आठवडे. २०२१पासून २०२५पर्यंतची अर्ज करायची सगळी निमंत्रणं त्याच यादीतून सोडत काढून गेली. माझं नाव त्यात होतं, २०२२ला निघालं, पुढे अडीच वर्षं अर्ज चालला. तुझं नाव यादीत असायचा प्रश्नच नाही. नवा फॉर्म उघडला तरी तुला आधी तीन करवर्षांचं उत्पन्न दाखवावं लागेल, सरकारने ठरवलेल्या किमान रकमेच्या वर तीस टक्के, आणि माणसं मोजताना तुझं बायको-मुलांचं कुटुंब अधिक हे तिघे. बायकोची कमाई सहीनिशी जोडता येते. वीस वर्षांची हमीही लिहून द्यावी लागते. त्या काळात यांच्यापैकी कुणी सरकारी मदत घेतली, तर ती तू फेडायची.

मला सगळ्यात जास्त रडवलं ते ‘बावीसच्या आधीपासून’ या शब्दांनी. भावाचं दिव्यांग प्रमाणपत्र आम्ही काढलं तो सत्तावीस वर्षांचा असताना. तोवर गरज काय, सगळ्या गल्लीला माहीत होतं! विशेष शाळेचे दाखले आणि मिरजेच्या डॉक्टरांच्या फायली कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, आणि २०१९च्या पुरात कृष्णामाई थेट त्या कप्प्यात आली. शेवटी कामाला आली ती बाबांची आयकराची जुनी विवरणपत्रं. बाबा साखर कारखान्यात हिशेबनीस. दिव्यांग अवलंबितासाठीची ८०डीडीची वजावट ते दरवर्षी न चुकता लावायचे. भाऊ अकरा वर्षांचा असल्यापासूनचे कागद निघाले, तेही कारखान्याच्या शिक्क्यासह. याहून चांगला पुरावा मला सापडला नसता. तुझे वडीलही पगारदार होते, तेव्हा त्यांच्याकडेही हे असण्याची शक्यता आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट मिळत नाही, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत ती दिसली नाही तर घाबरू नकोस.

मेडिकलची, म्हणजे भावाच्या तब्येतीवरून नकार येण्याची, भीती मात्र निम्मी करून टाक. २०१८च्या आधी खरंच कठीण होतं. एका माणसावर सरकारी खर्च वर्षाला साडेसहा हजार डॉलरच्या वर जाईल असं वाटलं, की नकार. मग ती मर्यादा तिप्पट केली (२०२४ला ती २६,२२० डॉलर होती) आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन, रोजच्या मदतनिसाची सेवा हे खर्च हिशेबातून काढले. फिटच्या साध्या गोळ्या चालू असलेला मुलगा त्यात सहसा बसतो. डायलिसिस किंवा फार महागडी औषधं असतील तर गोष्ट वेगळी. शंका आली तर इमिग्रेशनवाले पत्र पाठवून खुलासा मागतात. ते पत्र म्हणजे नकार नव्हे, उत्तर नीट द्यायचं.

आणि कुणी एजंट म्हणेल, “भावाचं नावच टाकू नका, आई-बाबांचं पटकन होईल.” मला सांगलीतच एकाने हा सल्ला दिला होता, वर फीही मागितली. अजिबात ऐकू नकोस. अर्जात न दाखवलेला मुलगा पुढे कौटुंबिक वर्गातून कायमचा बाद होतो. त्याला कराडला ठेवायचं ठरवलं तरी नाव द्यावं लागतं, तपासणीही करावी लागते, आणि तो अपात्र ठरला तर आई-बाबांचाही अर्ज अडकू शकतो.

सुपर व्हिसावर आई-बाबा एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, एक लाख डॉलरचा विमा काढून. पण तो फक्त आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना आहे. भावाला साधा व्हिजिटर व्हिसा, बहुधा सहा महिने. मग आई त्याला कुणाकडे ठेवून येणार? तुझ्या बेतातली खरी गाठ इथे आहे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. सांगलीत माझा भाऊ रोज सकाळी किटली घेऊन डेअरीवर जायचा. चुकला तर रिक्षावाला घरी आणून सोडायचा. इथे दीड महिना तो खिडकीत बसून होता, बाहेर बर्फ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रौढ दिव्यांगांच्या सेवांना इथे लांबलचक प्रतीक्षायादी आहे. आता तो माझ्याबरोबर दुकानात ट्रॉली ढकलतो, खूश असतो. पण आईची तब्येत बरी असती आणि काका शेजारी राहत असते, तर मी त्याला हलवलं असतं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

म्हणून कराडची व्यवस्था आत्ताच लाव, पुढे तो येवो न येवो. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अठरा वर्षांवरच्या बौद्धिक दिव्यांगाला कायदेशीर पालक नेमून देते. साताऱ्याला अर्ज करा. वडील झेडपीचे निवृत्त, म्हणजे कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. त्याचं नाव पेन्शनच्या कागदावर वडिलांच्या हयातीतच चढवा. नंतर आईला खेटे घालायला लावू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर तेही काढा.

आज रात्री वडिलांना एवढंच विचार: ८०डीडी लावायचात का, आणि ते कागद कुठे आहेत? सापडले की फोटो काढून ठेव आणि कागद कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेव. कोणत्या वर्षापासूनचे आहेत ते कळव, मग पुढचं सांगते.