खेळणारीला पैसे, शिकणाऱ्याला कर्ज

प्रश्न: आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले, वीस वर्षांपासून टेक्ससमध्ये आहोत. मुलगी विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात खेळते. तिची फी, राहणं, जेवण सगळं माफ, आणि या वर्षीपासून वरून रोख पैसेही मिळतात. माझा भाचा कर्ज काढून त्याच विद्यापीठात एमएस करायला आलाय आणि कॅम्पसच्या मेसमध्ये भांडी धुतो. परवा व्हिडिओ कॉलवर आईनं त्याची सोललेली बोटं बघितली अन् म्हणाली, "खेळायचे पैसे द्यायलालेत, अन् शिकायचे आपुन भरायलालो. हे कसलं म्हणावं?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून भाचाही जेवायला यायचा बंद झालाय.

उत्तर: ताई, आईंनी जे विचारलं तेच तिथल्या कोर्टांत कित्येक वर्षं उलट्या बाजूनं विचारलं जात होतं: खेळाडू कमावून देतो, मग त्याला का नाही?

माझं गाव परभणी जिल्ह्यातलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्या असायच्या. आधी लहान पोरांच्या नारळावरच्या, मग वाढत्या इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी. जिंकलेला पैलवान पाठीला लाल माती तशीच घेऊन गर्दीतून फिरायचा, हलगी वाजत असायची आणि लोक त्याच्या हातात दहा-दहाच्या नोटा ठेवायचे. त्याला कुणी फुकट्या म्हटलं नाही. आता समजा, पंचांनी तिकीट लावून गल्ला स्वतः नेला असता आणि शेवटच्या कुस्तीच्या पैलवानालाही नारळच दिला असता, तर गावानं ऐकून घेतलं असतं का?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये अनेक दशकं हेच झालं. टीव्हीचे करार कोट्यवधींचे, प्रशिक्षकांचे पगार तसेच, आणि खेळणाऱ्या पोराला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेतलं तर बंदी. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवरची एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेची) बंधनं बेकायदा ठरवली. पुढच्याच महिन्यात खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर घातलेल्या मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि 1 जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी (2025-26) एका विद्यापीठाला साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा ठरली. त्यातला मोठा वाटा बहुतेक ठिकाणी फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडेच जातो. तुमच्या लेकीला मिळतं ते बहुधा त्या मानानं थोडंच असेल.

माझं मत स्पष्ट आहे: तिला मिळतं ते रास्त आहे. हंगामात सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा कागदावर आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. आणि गुडघा गेला तर आयुष्यभराचा तिचाच जातो. आपल्याकडेही खेळाडूच्या पोटाची सोय आपण मानतोच, फक्त ती नोकरीच्या रूपानं येते. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि तिथूनच स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीपर्यंत पोचला.

पण भाच्याचं दुखणंही खरंच आहे, आणि ते लेकीच्या पैशातून आलेलं नाही. त्याचा हात व्हिसानं बांधलाय. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, एवढंच काम. तो स्वतः खेळाडू असता तरी हे पैसे घेताना व्हिसा धोक्यात येऊ शकला असता. तुमच्या ओळखीत कुणाचं मूल एफ-1 वर खेळायला येत असेल, तर इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.

त्याच वीस तासांत भांडी धुण्यापेक्षा बरं काम मिळू शकतं. प्राध्यापकांकडे शिकवणीचे आणि संशोधनाचे सहायक लागतात. त्यात मानधन असतं, कित्येक ठिकाणी फीही माफ होते. आपली पोरं लातूर पॅटर्नमध्ये घासून तयार झालेली असतात, पण स्वतःहून समोर जाऊन काम मागायला बिचकतात. विभागातल्या एकेका प्राध्यापकाला, त्यांचं काम वाचून, वेगवेगळी ईमेल लिहायला सांगा. पहिल्या सत्रात नाही जमलं तर दुसऱ्यात पुन्हा लिहावी.

लेकीच्या बाबतीत दोन गोष्टी आजच बघा. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पूर्ण शिक्षण होईपर्यंतची, आणि दुखापत झाली तर काय, हे करारात शोधा. दुसरं, या पैशांतून बहुधा कर कापून येत नाही, वर्षाअखेरी तिलाच भरावा लागेल. तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका.

घरात तिच्या रकमेचा आकडा जेवणाच्या ताटावर काढू नका, आईंना फोनवर सांगतानाही नाही. आईंना शेवटच्या कुस्तीचं सांगा, त्यांनी जत्रा पाहिलेल्या आहेत, त्यांना कळेल.

आणि रविवारी भाच्याला फोनवर "ये रे" म्हणू नका, स्वतः गाडी काढून घ्यायला जा. लेकीला सोबत न्या. येताना बोटांना लावायला मलम द्या आणि सांगा, मेसमध्ये रबरी हातमोजे मागून घे. ते देणं मेसवाल्यांचं काम आहे, त्यात लाजायचं काही नाही.