ढकला-ओढा शिकवताय? व्याख्या नंतर

ताई, पाच वर्षांच्या पोरांसमोर 'बल म्हणजे...' सुरू केलंत की ती खिडकीबाहेर बघायला लागतात, मीही सुरुवातीला हेच केलेलं. जाड पुठ्ठा घ्या, एका टोकाखाली दोन-तीन वह्या, झाला उतार. वरून खेळण्यातली गाडी नुसती सोडायची, ढकलायची नाही.

- आधी लादीवर, मग तिथेच टॉवेल अंथरून. जिथे थांबली तिथे काडी ठेवा. "टॉवेलवर लवकर का थांबली?" विचारा आणि गप्प बसा, हेच सगळ्यात अवघड जातं बघा.
- एका वेळी एकच बदल. वह्याही वाढवल्या आणि टॉवेलही टाकला तर काहीच कळत नाही.

ओढण्यासाठी दोरी बांधलेला डबा, आधी रिकामा, मग तांदूळ भरून. न्यूटन सध्या राहू द्या. आणि लहान भावंडं आसपास असतील तर गाडीऐवजी गोट्या नकोच, तोंडात घालतात.