इंग्रजीत लिहिताना मुंबई की बॉम्बे?

प्रश्न : माझ्या आजोबांनी मराठीत लिहून ठेवलेल्या आठवणी मी परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजीत उतरवत आहे. आजोबा १९४८ साली संगमेश्वरहून मुंबईला आले, परळच्या चाळीत राहिले आणि १९५३ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. मी सवयीने सगळीकडे ‘बॉम्बे’ लिहिले होते. माझ्या भाचीने संगणकावर एका फटक्यात त्या सर्वांचे ‘मुंबई’ केले. आता कोणते ठेवावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाचीचा हेतू योग्यच आहे, पण असा सरसकट बदल करून चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी ते नाव कोणाचे आहे, हे पाहावे लागेल.

एक गोष्ट आपण सहज विसरतो. १९९५ साली राज्य शासनाने बदलले ते शहराचे इंग्रजीतले नाव. मराठीतले नाव बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मराठी माणूस त्याआधीही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच म्हणत आला होता. त्यामुळे आपल्या आजोबांनी १९४८ सालाबद्दल लिहिताना ‘मी मुंबईला आलो’ असे लिहिले असेल, तर त्या वाक्याच्या इंग्रजी अनुवादात ‘मुंबई’ हेच नाव ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळच्या इंग्रजी कागदांवर बॉम्बे होते हे खरे, परंतु येथे बोलणारा माणूस मराठी आहे आणि त्याच्या तोंडचा शब्द आपल्याजवळ आहे. त्याच आठवणींत कचेरीतला एखादा साहेब इंग्रजीत बोलत असेल, तर त्याच्या तोंडी मात्र बॉम्बेच शोभेल.

संस्थांचा नियम वेगळा आहे. संस्था स्वतःचे नाव इंग्रजीत जसे लिहिते, किंवा त्या वेळी लिहीत होती, तसेच आपण लिहावे. आजोबांची पदवी १९५३ सालची आहे आणि विद्यापीठाच्या इंग्रजी नावात ‘मुंबई’ आले ते १९९६ साली. म्हणून पदवीच्या उल्लेखात ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ हेच बरोबर. हवे तर पहिल्या उल्लेखापाशी आजचे नाव कंसात द्यावे. पुन्हा पुन्हा देऊ नये, वाचक कंटाळतो.

अनुवादकांची सर्वांत जास्त फसगत होते ती उच्च न्यायालयाच्या बाबतीत. आपण मराठीत ‘मुंबई उच्च न्यायालय’ म्हणतो आणि ते अगदी योग्य आहे. त्यावरून इंग्रजीत ‘मुंबई हायकोर्ट’ लिहिले जाते, पण १८६२ साली स्थापन झालेल्या या न्यायालयाचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे’ असेच राहिले आहे. नाव बदलण्यासाठी २०१६ साली लोकसभेत विधेयक मांडले गेले, तरी निकालपत्रांच्या माथ्यावर आजही बॉम्बेच असते. पवईच्या आयआयटीचे आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचेही तसेच. तेथे ‘बॉम्बे’ लिहिल्याने मराठीचा मान कमी होत नाही. उलट शहराविषयी आजच्या काळातले वाक्य लिहिताना, पत्ता देताना किंवा स्वतःची ओळख करून देताना बॉम्बे लिहिणे मला खरोखर खटकते, कारण तेथे जुने नाव ठेवण्याला सवयीपलीकडे कोणतेही कारण नसते.

स्थानकांच्या नावांकडेही लक्ष असू द्यावे. आपण मराठीत शीव म्हणतो, इंग्रजीत ‘सायन’ लिहितात; भायखळ्याचे इंग्रजी स्पेलिंग तर त्याच्या उच्चारापासून बरेच दूर आहे. अशा वेळी स्वतःचे स्पेलिंग तयार न करता फलकावरचे घ्यावे, म्हणजे परदेशातल्या नातवाला नकाशात ते ठिकाण सापडेल.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या १९७० सालच्या प्रमाणपत्रावर ‘युनिव्हर्सिटी ऑफ पूना’ असे आहे. परदेशी अर्जात आजचे नाव लिहावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रमाणपत्रावर जे छापले आहे तेच अक्षरशः लिहावे. तपासणारा अर्ज आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवून पाहतो, आणि दोन वेगळी नावे दिसली की त्याला शंका येते. त्यापुढे ‘आताचे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ असा खुलासा जोडावा. हे नाव २०१४ सालापासूनचे आहे. वडील राहत होते त्या शहराचे नाव मात्र ‘पुणे’ असेच द्यावे. इतिहासातल्या नावांनाही हात लावू नये. १९३२ सालच्या कराराला आपण मराठीत ‘पुणे करार’ म्हणत असलो, तरी इंग्रजीत तो ‘पूना पॅक्ट’ म्हणूनच ओळखला जातो.

प्रश्न : पुणे आणि ठाणे यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ परदेशी लोक उच्चारत नाहीत. त्यावर एखादे चिन्ह द्यावे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : देऊ नये. अधिकृत स्पेलिंग तसेच ठेवावे आणि गरज वाटल्यास पहिल्या उल्लेखाजवळ उच्चार सांगावा.